सरकारी विज्ञान: मागायचं कुणाकडे आणि कसं?

पुण्यात विद्यापीठ चौकातून पाषाणकडे निघालं की रस्त्याच्या कडेनं लांबच लांब कुंपणं लागतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनसीएल. मग आयसर. पुढे मान्सूनचा अभ्यास करणारी आयआयटीएम. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए, शिवाय पेशीविज्ञानाचं एनसीसीएस. विज्ञानसंस्थांची एवढी दाटी देशात फार थोड्या शहरांत असेल. रोज या रस्त्यानं कामाला जाणाऱ्या बहुतेकांना मात्र आत आपलंही काही काम असू शकेल, असं कधी वाटत नाही. आणि वाटलंच, तर फाटकावरच्या ‘कुणाला भेटायचंय?’ या पहिल्याच प्रश्नाला गाडं अडतं. कुणाला भेटायचं हेच तर ठाऊक नसतं.

२०२०-२१ या वर्षात भारतात संशोधनावर १ लाख २७ हजार ३८१ कोटी रुपये खर्च झाले. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत हे ०.६४ टक्के. आकडा तोकडा आहे अशी शास्त्रज्ञांची तक्रार असते आणि ती रास्त आहे. पण जो काही खर्च होतो त्यातला निम्म्याहून जास्त सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून होतो. त्यातून फक्त शोधनिबंध निघत नाहीत. कोट्यवधींची यंत्रं उभी राहतात, शंभर-सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी जपल्या जातात, जिवाणूंचे संग्रह सांभाळले जातात, दुर्बिणी चालतात, परदेशी नियतकालिकांची वर्गणी भरली जाते. यातलं पुष्कळसं बाहेरच्या माणसाला खुलं आहे. फक्त कुणी हाक मारून बोलावत नाही. जे आपणहून जातात, त्यांतले बरेचसे मोघम काहीतरी मागतात आणि हात हलवत परत येतात. म्हणून सुरुवात मागण्यापासूनच करू.

आधी प्रश्न नीट लिहा

समजा, सांगलीत कुणी हळद पावडर दळून पाकिटं विकतो. मोठा ग्राहक विचारतो, ‘तुमच्या हळदीत कुरकुमिन किती टक्के?’ हा नेहमीच्या चाचणीचा प्रश्न आहे. पद्धत ठरलेली, दर ठरलेला, रिपोर्टचा नमुनाही ठरलेला. यासाठी संशोधन संस्थेची पायरी चढू नये. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा गाठावी. एनएबीएलच्या संकेतस्थळावर गाव आणि चाचणी टाकून अशा प्रयोगशाळा शोधता येतात. अन्नसुरक्षा कायद्याच्या कामासाठी रिपोर्ट हवा असेल, तर ती प्रयोगशाळा एफएसएसएआयनं अधिसूचित केलेली आहे ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

आता त्याच माणसाचा दुसरा प्रश्न घ्या. पारदर्शक पाकिटातली हळद दुकानाच्या फळीवर काही महिन्यांत फिकी पडते. हे कशानं होतं आणि कमी खर्चात कसं थांबवता येईल? उजेडात कुरकुमिनचं विघटन होतं हे ज्ञान जुनंच आहे. पण याची हळद, तिच्यातला ओलावा, याचं पाकीट आणि कोकणातल्या दुकानाची दमट हवा, या सगळ्यांचं एकत्र गणित कुठल्याच पुस्तकात तयार सापडणार नाही. हा संशोधनाचा प्रश्न झाला. तो घेऊन माटुंग्याच्या आयसीटीत, म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये किंवा जवळच्या विद्यापीठाच्या अन्नतंत्र विभागात जाता येतं. एम.एस्सी., एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. बाजारातून आलेला खरा प्रश्न मिळाला तर कितीतरी प्राध्यापकांना तो आनंदानं हवा असतो, असा अनुभव आहे.

‘आमच्या उत्पादनाचे परीक्षण करून योग्य ते मार्गदर्शन करावे’ असं पत्र गेलं की ते फायलीत जाऊन पडतं. त्याऐवजी एका पानात पाच गोष्टी लिहा: नेमकं काय होतंय, केव्हापासून होतंय, आतापर्यंत काय करून पाहिलं, कशाचं उत्तर हवंय आणि खर्च किती झेपेल. शेवटची गोष्ट लिहायला लोक संकोचतात. संकोचू नका. आकडा दिसला की समोरचा माणूस दोन मिनिटांत ठरवू शकतो की हे काम आपल्याकडे होईल की दुसऱ्याकडे पाठवावं.

कोटीचं यंत्र, तुमचं सॅम्पल

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एनएमआर, मास स्पेक्ट्रोमीटर असली यंत्रं प्रत्येक कॉलेजनं घ्यायची म्हटली तर देश विकावा लागेल. म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं सत्तरच्या दशकात एक शहाणपणाचं काम केलं: काही ठिकाणी सामाईक यंत्रकेंद्रं उभारली आणि ती बाहेरच्यांना खुली ठेवली. आज त्यांना ‘सैफ’ म्हणतात. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत असं केंद्र आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही आहे. विद्यार्थी, प्राध्यापक, कारखानदार, कुणीही अर्ज करून, पैसे भरून सॅम्पल तपासून घेऊ शकतो. दर वेगवेगळे असतात. शिक्षणसंस्थांना सर्वांत कमी, उद्योगांना जास्त आणि वर जीएसटी. विद्यार्थ्यानं अर्जावर विभागप्रमुखाची सही आणि शिक्का आणला नाही तर त्याला सवलतीचा दर मिळत नाही, तेव्हा तेवढं आधीच उरकून घ्यावं.

दुसरा रस्ता ‘आय-स्टेम’चा. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं हे राष्ट्रीय पोर्टल केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं चालतं. सरकारी पैशातून घेतलेली यंत्रं कुठल्या संस्थेत आहेत, हे त्यावर शोधता येतं आणि वेळ मागता येते. यंत्राचं नाव टाका, शहर टाका, यादी येईल. पण यादीत यंत्र दिसलं म्हणजे ते चालू असेलच असं नाही. आधी फोन करा. ‘पार्ट यायचाय’, ‘एएमसी संपलंय’, ‘ऑपरेटर सोडून गेला’ यांपैकी काहीतरी ऐकू येण्याची शक्यता बरीच असते. यंत्र घ्यायला सरकारकडे पैसा असतो, उद्घाटनाला फीत असते. ते दहा वर्षं चालवायला लागणाऱ्या देखभालीचा आणि तंत्रज्ञाच्या पगाराचा विषय निघाला की सगळे इकडेतिकडे पाहू लागतात. आपल्या संशोधनव्यवस्थेतला हा मला सर्वांत उधळा वाटणारा कारभार आहे. काटकसरीच्या नावाखाली कोटीचं यंत्र झाकून ठेवायचं!

सॅम्पल पाठवण्यापूर्वी त्या यंत्राला काय कळतं आणि काय कळत नाही, हे समजून घ्या. बाटलीत राखाडी पूड भरून ‘यात काय आहे ते सांगा’ म्हणून पाठवली, तर कुठलंच यंत्र त्याचं उत्तर देत नाही. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांचं विवर्तन पाहणारं यंत्र, पुडीत कोणकोणते स्फटिक आहेत ते सांगेल. शिसं किती, हे ते नीट सांगणार नाही. त्यासाठी पूड आम्लात विरघळवून आयसीपी नावाच्या यंत्रावर घालावी लागते. पृष्ठभाग कसा दिसतो, तडे आहेत का, कणांचा आकार काय, हे पाहायचं तर एसईएम.

एक्सआरडीचंच काम असेल तर पूड खलात घोटून मैद्यासारखी बारीक करा, पूर्ण वाळवा आणि साधारण अर्धा ते एक ग्रॅम छोट्या झाकणाच्या बाटलीत भरा. बाटलीवर पक्क्या शाईनं सांकेतिक क्रमांक लिहा. तोच क्रमांक अर्जावर आला पाहिजे. कागदी चिठ्ठी चिकटवाल तर ती कुरियरमध्ये निघून जाते आणि मग कुठली बाटली कुणाची, याचा पत्ता लागत नाही. एसईएमसाठीचं सॅम्पल वीजवाहक नसेल तर त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर द्यावा लागतो. त्याचे पैसे वेगळे लागतात का, ते आधी विचारून ठेवा.

आणि हे मात्र विसरू नका: बिघडलेल्या सॅम्पलबरोबर चांगलं सॅम्पलही पाठवा. गंजलेल्या नळीचा तुकडा देताय तर न गंजलेल्या नळीचाही द्या. फिकी पडलेली हळद देताय तर त्याच पोत्यातली, अंधारात ठेवलेली चिमूटभर हळदही द्या. तुलनेला काही नसेल तर आलेख कितीही सुंदर आला तरी त्यावरून फारसं बोलता येत नाही. पैसे दुप्पट लागतील, पण उत्तर मिळेल.

तुमच्या हातात येतो तो आलेख. त्याचा अर्थ लावून देणं हे यंत्रकेंद्राचं काम नसतं आणि त्या दरात ते बसतही नाही. म्हणून सॅम्पल धाडायच्या आधी अर्थ लावून देणारा माणूस शोधून ठेवा. जवळच्या कॉलेजात रसायन किंवा पदार्थविज्ञान शिकवणारा, स्वतः पीएच.डी. करताना या यंत्रांवर काम केलेला कुणीतरी बहुधा सापडतो. शिवाय, अशा केंद्रांचे रिपोर्ट बहुतेक ठिकाणी संशोधनाच्या उपयोगापुरतेच दिलेले असतात. कोर्टात, विमा कंपनीकडे किंवा अन्न निरीक्षकापुढे ते चालतील असं गृहीत धरू नका.

जिवाणू आणि बुरशींचीही अशीच सोय आहे. पुण्याच्या एनसीएलमधला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. एनसीसीएसच्या छत्राखाली दुसरं मोठं सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेला ओळख पटलेला, शुद्ध कल्चर हवा असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर मागणी करून, शुल्क भरून तो मिळतो. दुसऱ्या कॉलेजातून नळीतून उसना आणलेला कल्चर वर्षानुवर्षं पुढे चालवत राहायचं आणि मग प्रयोग का जमत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, हे टाळता येण्याजोगं आहे.

शोधनिबंध वाचायचा कसा?

वर्तमानपत्रात बातमी येते, ‘अमुक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधलं’. मूळ निबंध उघडायला जावं तर पडद्यावर तीस-चाळीस डॉलर मागणारी चौकट. संशोधनाला पैसा जनतेचा, निबंध लिहिणारा सरकारी पगारी, तपासणारे शास्त्रज्ञ फुकट तपासणारे, आणि वाचायला मात्र पुन्हा पैसे! या व्यवहारावर जगभर बरीच वर्षं भांडण चालू आहे. भारतापुरता त्यावर निघालेला मोठा तोडगा म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०२४ च्या नोव्हेंबरात त्याला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी मिळून ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिकं. ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना, म्हणजे सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना ती मोफत वाचता यावीत अशी योजना आहे. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे.

तुम्ही सरकारी कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकत असाल, तर उद्या सकाळी ग्रंथपालांना भेटून दोनच गोष्टी विचारा: आपल्या संस्थेची नोंदणी झाली आहे का, आणि घरून वाचायला लॉगिन कसं मिळेल? तालुक्याच्या गावातल्या कॉलेजांत ही सोय असूनही कुणी वापरत नाही असं घडतं, कारण सूचना फलकावर लागलेली असते आणि फलक कुणी वाचत नाही. खासगी महाविद्यालयं मात्र या योजनेच्या पहिल्या टप्प्यात नाहीत. महाराष्ट्रात केवढी मुलं खासगी कॉलेजांत शिकतात हे पाहिलं तर ही उणीव लहान नाही.

ज्यांना ही सोय नाही त्यांचंही फारसं अडत नाही. वैद्यकीय आणि जीवशास्त्राचं वाचायचं असेल तर अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारं पबमेड सेंट्रल आहे, त्यात लाखो निबंध पूर्ण आणि मोफत मिळतात. भौतिकशास्त्र, गणित, खगोल यांतल्या निबंधांची आधीची आवृत्ती ‘अर्काइव्ह’वर सापडते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं आणि ‘करंट सायन्स’ मोफत वाचता येतात. आपल्याकडच्या पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगे’वर लाखोंनी आहेत, मराठीतलेही आहेत. प्रबंध जाडजूड म्हणून घाबरू नका. त्यातलं पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण आधी उघडा. एखाद्या विषयात आतापर्यंत कुणी काय केलं, याचं आयतं टाचण तिथं मिळतं.

तेही जमलं नाही तर लेखकालाच लिहा. निबंधाच्या पहिल्या पानावर एका नावापाशी ई-मेल दिलेला असतो. चार ओळी पुरतात: मी अमुक, अमुक काम करतो, तुमच्या अमुक वर्षाच्या निबंधाचा सारांश वाचला, माझ्या कामात त्याचा असा संबंध आहे, पूर्ण निबंध पाठवाल का? आपला स्वतःचा निबंध मागणाऱ्याला खासगीत पाठवायला शास्त्रज्ञ सहसा नाही म्हणत नाहीत. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. ‘सर, मला तुमचा सगळा डेटा पाठवा’ असं मात्र लिहू नका. तो उद्धटपणा ठरतो आणि कामही होत नाही.

निबंधाच्या शेवटी आभाराचा परिच्छेद असतो, तोही वाचत जा. कुठल्या सरकारी विभागाच्या कुठल्या प्रकल्पातून पैसा आला हे तिथं लिहिलेलं असतं. औषध किंवा पूरक आहाराच्या जाहिरातीत ‘संशोधनानं सिद्ध’ असं म्हटलं असेल, तर त्या संशोधनाचा पैसा कंपनीचाच होता का, हेही तिथंच कळतं.

पावसाचा हिशेब

शाळा-कॉलेजचे प्रकल्प, गावाच्या पाण्याचा ताळेबंद, पीक बदलायचा विचार, या सगळ्यांत पाऊस लागतोच. आणि पावसाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. भारतीय हवामान खातं १८७५ चं. पुण्यातल्या शिवाजीनगरची त्यांची जुनी वास्तू आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणून ओळखली जाते. त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून देशभराच्या रोजच्या पावसाची १९०१ पासूनची माहिती मोफत उतरवून घेता येते. देशाच्या नकाशावर पाव अंशाची जाळी टाकली आहे. एक चौकोन म्हणजे साधारण २५ ते २८ किलोमीटर बाजूचा. प्रत्येक चौकोनाला रोजचा पाऊस. त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी वापरल्या आहेत. फाइल एक्सेलमध्ये उघडत नाही, पण पायथन येणारा कुठलाही विद्यार्थी ती तासाभरात वाचून देईल.

ती वापरताना काही खाचखळगे आहेत. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सोमवारी रात्री कोसळलेला पाऊस मंगळवारच्या तारखेला लागतो. गावातल्या माणसाच्या वहीत सोमवार आणि खात्याच्या नोंदीत मंगळवार, एवढ्यावरून ‘सरकारी आकडे खोटे’ म्हणून वाद घातलेले दिसतात. ‘पावसाळी दिवस’ म्हणजे किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडलेला दिवस. नुसती भुरभुर त्यात धरत नाहीत. जुन्या वर्षांत पर्जन्यमापक कमी होते, तेव्हा १९१० चा आणि २०१० चा आकडा एकाच खात्रीनं वापरू नये.

घाटाजवळच्या गावांनी तर फारच जपून वापरावं. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात सरळ रेषेत फार अंतर नाही, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सह्याद्रीच्या ऐन कड्यावरचा पाऊस आणि पूर्वेच्या उतरणीवरचा पाऊस एकाच चौकोनात आला, तर सरासरी दोघांच्याही उपयोगाची राहत नाही. अशा वेळी राज्याच्या कृषी विभागाचं ‘महारेन’ पाहावं. तिथं तालुका आणि महसूल मंडळापर्यंतचा पाऊस मिळतो. पीकविम्याच्या तक्रारीतही मंडळाचाच आकडा कामाला येतो.

शेत आणि समुद्र

शेतकऱ्याला जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र बहुधा ठाऊक असतं. पण पिकाचा खास आजार असेल तर त्या पिकाची राष्ट्रीय संस्था गाठणं अधिक बरं, आणि महाराष्ट्र त्या बाबतीत भाग्यवान आहे: द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरी, कांदा-लसणासाठी राजगुरुनगर, डाळिंबासाठी सोलापूर, संत्र्या-मोसंबीसाठी आणि कापसासाठी नागपूर. रोगट पान पाठवायचं तर कागदात गुंडाळून पाठवा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं आणि मूळ रोग ओळखता येत नाही. बरोबर निरोगी पान, लागवडीची तारीख आणि गेल्या महिन्यात फवारलेल्या औषधांची यादी द्या. औषध दुकानदारानं चिठ्ठीवर लिहून दिलेली नावं आहेत तशी उतरवली तरी चालतील.

कोकणात आणि गोव्यात मच्छीमार संस्थांनी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चे सल्ले रोज पाहायला हवेत. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजतात, त्यावरून मासळी जमण्याची शक्यता असलेले पट्टे काढतात आणि किनाऱ्यापासून दिशा, अंतर, खोली स्थानिक भाषेत सांगतात. तिथं मासळी असेलच याची हमी नाही, पण डिझेल जाळत अंदाजानं फिरण्यापेक्षा हे बरंच बरं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्या काळात आणि वादळी हवामानात हे सल्ले दिले जात नाहीत. समुद्राचाच अभ्यास करायचा असेल, तर दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली उन्हाळी प्रकल्प करता येईल का, हे कॉलेजमार्फत विचारावं.

खोडदची दुर्बीण

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही जीएमआरटी दुर्बीण जगातले खगोलशास्त्रज्ञ वापरतात. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात, तज्ज्ञ ते तपासतात आणि निवडलेल्यांना वेळ देतात. वेळेचं भाडं नाही. प्रस्ताव चांगला असणं एवढीच अट.

ही झाली शास्त्रज्ञांची गोष्ट. बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी यात आणखी एक वाट आहे. ज्यानं निरीक्षण केलं त्याच्यासाठी ती माहिती साधारण अठरा महिने राखून ठेवतात, मग ती ऑनलाइन संग्रहातून सर्वांना खुली होते. जालन्याच्या कॉलेजातली मुलगी खोडदच्या दुर्बिणीनं टिपलेली दीर्घिका स्वतःच्या संगणकावर उघडू शकते. सॉफ्टवेअर मोफत आहे. अडचण असते ती शिकवणाऱ्याची, कारण रेडिओ निरीक्षणं हाताळायला वेळ आणि चिकाटी लागते. त्यासाठी एनसीआरए आणि आयुकाच्या विद्यार्थी कार्यशाळांवर लक्ष ठेवावं. शाळेच्या मुलांना नुसती दुर्बीण पाहायची असेल तर २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला विज्ञानमेळा भरतो आणि दुर्बीण लोकांना खुली असते. गर्दी मोठी असते, मोबाइल बंद ठेवावा लागतो (रेडिओ दुर्बिणीला त्याचा फार त्रास होतो) आणि उन्हात चालावं लागतं. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घेऊन जा.

पैसा, आणि थोडं माहिती अधिकाराबद्दल

बारावीनंतर मूलभूत विज्ञान घेणाऱ्या, मंडळात वरच्या एक टक्क्यात आलेल्या मुलांसाठी ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. नेट उत्तीर्ण होऊन पीएच.डी.ला लागलेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि नियमानुसार घरभाडं. प्राध्यापकांच्या प्रकल्पांना पैसा देणाऱ्या पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची, म्हणजे ‘सर्ब’ची, जागा आता २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननं घेतली आहे. तारखा दर वर्षी बदलतात, त्या मूळ सरकारी संकेतस्थळावरच पाहा. अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. विद्यार्थ्यांनो, ३७,००० चा आकडा पाहून पीएच.डी.ला जाणार असाल तर आधी एखाद्या सीनियरला विचारा की फेलोशिप हातात यायला किती महिने लागतात. तोपर्यंत घरखर्च कसा चालवायचा याचा विचार आधीच करावा लागतो.

संस्था दादच देत नसेल तर माहिती अधिकार आहे. केंद्राच्या संस्थांसाठी ऑनलाइन अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. यंत्र कधी घेतलं, केवढ्याला घेतलं, गेल्या वर्षी किती दिवस चाललं, बाहेरच्या किती जणांनी वापरलं, असे प्रश्न त्यात छान बसतात. चालू संशोधनाची वही मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये. माझ्या मते हा मार्ग शेवटचा ठेवावा. ज्या खोलीत उद्या सॅम्पल घेऊन जायचंय, तिथं आज नोटिशीसारखा अर्ज धाडून जाण्यात शहाणपण नाही.

आणि काम झालं की एक करा. तुमच्या निबंधात, प्रकल्प अहवालात, कंपनीच्या माहितीपत्रकात, जिथं त्या आलेखाचा किंवा आकड्याचा उपयोग केला असेल तिथं त्या केंद्राचं नाव पूर्ण लिहा आणि त्याची एक प्रत त्यांना पाठवा. पुढच्या वर्षीचं अनुदान, नवा तंत्रज्ञ, बंद पडलेल्या यंत्राची दुरुस्ती, यांसाठी वर हात पसरताना केंद्रप्रमुखाला दाखवावं लागतं की बाहेरचे किती लोक आपल्याकडे आले. तुमचं नाव त्या यादीत जायला हवं.